थेंबातलं शिसं

आईच्या हिरड्यांवरची रेघ आधी माझ्या नजरेस पडली नाही, शेजारच्या काकूंच्या पडली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, चार मराठी बाया पुढच्या खोलीत बसल्या होत्या. कशावरून तरी आई मोकळी हसली आणि काकू तिच्या तोंडाकडे बघत म्हणाल्या, "काहो, तुम्ही गुडाखू करून राहिल्या का? हिरड्या पाहा, दातापाशी कशा काळ्या पडल्या."

गुडाखू म्हणजे तंबाखू-गुळाचं काळं मंजन. इकडे कितीतरी बाया ते दिवसातून दोनतीनदा दातांना घासतात. आमच्या घरात ते कधी आलं नव्हतं. आईने पटकन पदर तोंडाला लावला. "नाई बाप्पा, कायचं गुडाखू. वय झालं आता," म्हणाली आणि वाण वाटायला उठली.

बाया गेल्यावर मी तिला खिडकीपाशी नेऊन ओठ वर करायला लावला. दात आणि हिरडी जिथे मिळतात तिथे शाईने ओढल्यासारखी बारीक निळसर रेघ होती. मी म्हटलं, दातांच्या डॉक्टरकडे जाऊ. ती म्हणाली, जाऊ. आणि मग आम्ही दोघीही विसरलो.

आमचं घर रायपुरात गुढियारीला, रेल्वेच्या मालधक्क्यापासून जवळ. बाबा रेल्वेच्या माल ऑफिसातून रिटायर झालेले. दोघंही वर्ध्याकडचे, पण सगळा संसार इथेच झाला. माझा धाकटा भाऊ अभनपूरला राइस मिलच्या मशिनरीच्या कामावर जातो. त्याच्या लग्नाला तेव्हा वर्ष होऊन गेलं होतं आणि भावजयीला पाचवा महिना होता. ती इथलीच, रायपुरातल्याच मराठी घरातली, पण लहानपणापासून हिंदीतच बोलत आलेली. आई तिच्याशी मराठीत बोलायची, ती हिंदीत उत्तर द्यायची, आणि दोघींचं छान चालायचं. भाऊही घरात हिंदीच बोलतो. मी लग्न केलं नाही. नवा रायपुरातल्या एका संस्थेच्या प्रयोगशाळेत प्रोजेक्टवर काम करते.

ते वर्ष आमच्या घराला बरं नव्हतं, हे आता कळतं. तेव्हा प्रत्येक गोष्टीला आमच्याकडे वेगळं कारण होतं. बाबांच्या पोटात कळा यायच्या, इतक्या की ते पाय पोटाशी घेऊन पडायचे. डॉक्टर म्हणाले गॅस आहे. बाबांसारखा गप्पिष्ट माणूस चिडचिडा झाला होता. एकदा भाजीत मीठ नाही म्हणून त्यांनी ताट लोटलं. आईने भाजीत मीठ खरंच घातलं नव्हतं. ती स्वयंपाकघरात जायची आणि कशाला आलो हे आठवत तिथेच उभी राहायची. मला वाटलं वय. भावजय पांढरीफटक पडत चालली होती, जिने चढताना थांबायची. सगळे म्हणाले पहिलटकरीण आहे, होतं असं. माझंही डोकं सारखं दुखायचं. त्याला मी बस, ऊन आणि चष्म्याचा नंबर ही कारणं लावून ठेवली होती.

प्रयोगशाळेत मी ज्यावर काम करत होते ती होती रक्तातलं शिसं मोजायची पट्टी. बोटाच्या नखाएवढी प्लास्टिकची पट्टी, तिच्यावर शाईसारखा छापलेला ग्राफीनचा काळा ठिपका. ग्राफीन म्हणजे कार्बनचा एका अणूच्या जाडीचा पापुद्रा. शिसपेन्सिलीत जे ग्राफाइट असतं, त्याचेच थर सुटे केले की ग्राफीन. शिसपेन्सिलीत शिसं नसतंच, ते फक्त नावात आहे. त्या नावातल्या शिशाने रक्तातलं खरं शिसं पकडायचं, असा आमचा खटाटोप होता. बोटातून काढलेला थेंब आम्लाच्या पाण्यात मिसळायचा, ते पाणी पट्टीवर टाकायचं आणि पट्टी एका लहानशा डबीत खोचायची. डबी पट्टीवर विजेचा हलका दाब देते. त्या दाबाने रक्तातलं शिसं ग्राफीनवर येऊन बसतं. मग दाब हळूहळू बदलत नेला की एका ठरलेल्या जागी शिसं पट्टी सोडतं, आणि सोडताना फोनच्या पडद्यावरच्या रेघेत टेकडी उठते. शिसं नसेल तर रेघ सपाट जाते. जितकं शिसं, तितकी टेकडी उंच.

हे सगळं बॅटरीच्या कारखान्यांत काम करणाऱ्या लोकांसाठी होतं. उन्हाळ्याच्या तोंडावर आम्ही त्यांच्यासाठी एक शिबिर घेणार होतो. त्याआधी आमच्या प्रोजेक्टच्या सरांना बघायचं होतं, की एसीतल्या टेबलावर नीट चालणारी पट्टी साध्या घरात, पंख्याखाली, घामेजल्या हातांनीही तशीच चालते का. ते म्हणाले, घरचे तयार असतील तर घरी करून बघ. रेघ सपाट आली की झालं.

म्हणून एका रविवारी मी डबी घरी आणली. सकाळचा चहा झाल्यावर पुढच्या खोलीत सगळे जमले. शेजारच्या काकूही गंमत बघायला आल्या.

"हे तुही परीक्षा होय का माही?" बाबांनी बोट पुढे करत विचारलं. त्या दिवशी त्यांचा मूड बरा होता.

"मले भेव वाटते बाप्पा सुईचं," आई म्हणाली.

"आई, कुछ नहीं होता. चींटी काटती है ना, बस उतना ही," भावाने तिचा हात धरला.

पहिली पट्टी बाबांची. फोनवर रेघ सरकत आली आणि ठरलेल्या जागी तिने उचल खाल्ली. टेकडी. मी पट्टी काढली, दुसरी लावली. पुन्हा तशीच टेकडी. "काय झालं?" बाबांनी विचारलं. मी म्हटलं, काही नाही, पट्टी खराब आहे. मग आईची घेतली. तिची बाबांपेक्षा उंच. भावाची अगदी लहान, पण होती. माझीही बाबांच्या निम्मी तरी होती. मला तर हसूच आलं, म्हटलं अख्खी बॅचच बिघडली दिसते.

भावजयीने शेवटी हात पुढे केला. "दीदी, मेरा भी देखो ना. दो लोगों का एक साथ आएगा." सगळे हसले. तिची रेघ वर गेली, आणखी वर गेली, आणि आमच्या सगळ्यांच्या टेकड्यांच्या वर जाऊन मग खाली वळली.

"क्या आया?" तिने विचारलं.

"पट्टी खराब आहे गं," मी म्हटलं.

तेवढ्यात काकू म्हणाल्या, "माह्यावाली पाहून घे एक." मी उगाच, त्यांचं मन राखायला, त्यांच्या बोटाचा थेंब घेतला. पट्टी त्याच पाकिटातली, पाणी त्याच बाटलीतलं. रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट गेली.

मी पुन्हा एक पट्टी लावली. पुन्हा सपाट. खोलीत पंखा फिरत होता, आई काकूंना चिवडा वाढत होती, आणि मी त्या रेघेवरून नजर काढत नव्हते.

सोमवारी मी नवा रायपुरला पोचले तशी सरळ टेबलाशी गेले. त्याच पाकिटातल्या पट्ट्या, आणि शिशाचं प्रमाण ठाऊक असलेलं आमच्याकडचं पाणी. शुद्ध पाण्याला रेघ सपाट. थोडं शिसं घातलेल्या पाण्याला थोडी टेकडी, जास्तीला जास्त. पट्ट्या इतक्या चांगल्या आम्ही त्याआधी बनवल्याच नव्हत्या. एरवी अशा दिवशी मी मिठाई आणली असती. मी सरांच्या खोलीत जाऊन रविवारच्या रेघा त्यांच्यापुढे ठेवल्या.

त्यांनी बराच वेळ बघितल्या. मग विचारलं, "यह सबसे ऊपर वाला किसका है?"

"भाई की पत्नी का. प्रेग्नेंट है."

त्यांनी चष्मा काढला. "हमारी डबी पर किसी का इलाज नहीं होता. कल ही नस का खून बड़ी लैब में भेजो. और उसको डॉक्टर के पास ले जाओ. कल मतलब कल." मी दाराशी पोचले तेव्हा ते म्हणाले, "और घर में ढूँढो. कहीं से तो आ रहा है."

मंगळवारी मी सगळ्यांची नसेतली रक्तं दिली. घरी सांगितलं की आमच्या मशीनची खात्री करायची आहे. भावजयीला तिच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं आणि बाईंना बाहेर गाठून खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, रिपोर्ट येईपर्यंत तिला घाबरवू नका, पण माहेरी पाठवता येत असेल तर पाठवा. भावजय माहेरी जायला तयार होईना. तिला आईच्या हातचं खायचं होतं.

रिपोर्टला काही दिवस लागणार होते. ते दिवस मी कसे काढले, सांगता येत नाही. घर तेच होतं. तीच भिंत, तेच कॅलेंडर, तोच नळ. आणि यातलं काहीतरी रोज थोडं थोडं आमच्या अंगात उतरत होतं. आधी माझा संशय छतावर गेला. आमच्याकडे कारखान्यांची काळी धूळ रोज उतरते. सकाळी गच्चीवर अनवाणी गेलं की तळवे काळे होतात, वाळत घातलेल्या चादरी झटकून घ्याव्या लागतात. मी ती धूळ बाटलीत भरून नेली. तिच्यात शिसं निघालं, पण इतकं थोडं की आमच्या टेकड्यांपुढे काहीच नाही. शिवाय तीच धूळ काकूंच्या गच्चीवरही पडते. नळाचं पाणी सपाट. हळद सपाट. तिखट सपाट. आईचं कुंकू, बाबांच्या पोटाच्या चूर्णाची पुडी, भिंतीच्या रंगाचा खरवडलेला पापुद्रा, सगळं मी एकेक करून आम्लात विरघळवलं. सगळं सपाट. दर सपाट रेघेगणिक मला बरं वाटण्याऐवजी जास्त भीती वाटत होती.

घरी आले की मी माणसांकडे बघायची. कोण काय खातं, कोण किती खातं. भाऊ दुपारी मिलच्या मेसमध्ये जेवतो. मी डब्यात पोळी-भाजी नेते. बाबा आणि आई दोन्ही वेळ घरी जेवतात. आणि भावजयीला फक्त आंबट लागायचं.

गुरुवारी संध्याकाळी ती ओट्याशी उभी राहून वाटीतून कढी पीत होती. आई कढी फार छान करते, गोळे घालून, विदर्भातली. भावजय दिवसातून तीनतीनदा प्यायची, तहान लागली तरी पाण्याऐवजी कढी. आई कौतुकाने म्हणाली, "पी, पी. पोट्टं गोरंपान होते." आणि पातेल्यातून तिच्या वाटीत आणखी एक पळी ओतली.

ते पातेलं पितळेचं होतं. आतून चांदीसारखं चकचकीत.

ही भांडी आईच्या लग्नातली. पातेली, गंज म्हणजे उभट खोल भांडी, एक मोठी परात, सगळ्यांवर तिचं नाव कोरलेलं. वर्षानुवर्षं ती माळ्यावर पडून होती. भावाचं लग्न ठरलं तेव्हा त्याने फोनवर कुठेतरी पाहिलं की पितळेच्या भांड्यात शिजवलेलं पचायला चांगलं, आणि आईला तेवढंच निमित्त झालं. मालधक्क्याच्या बाजूला राहणारा एक कल्हईवाला पाऱ्यात फेरी मारायचा. त्याच्याकडून तिने सगळ्या भांड्यांना आतून कल्हई करून घेतली. पितळेत आंबट कळकतं, म्हणून त्याला आतून कथलाचा मुलामा देतात, ती कल्हई. मधल्या काळात ती उडाली म्हणून पुन्हा एकदा करून घेतली होती. नव्या सुनेला सासूच्या लग्नातल्या भांड्यातलं खाऊ घालायचं, याचं आईला भारी अप्रूप होतं.

मी कढीची बाटली भरली. आई म्हणाली, "ऑफिसात नेऊन राहिली का? अर्ध्या बाटलीनं काय होते, डबा भर ना." मी बाटलीचं झाकण लावलं. भावजय आत गेल्यावर व्हिनेगरमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा पातेल्याच्या आतून फिरवला आणि तोही बरोबर घेतला.

दुसऱ्या दिवशी कढी पातळ करून पट्टीवर टाकली. रेघ निघाली आणि पडद्याच्या वरच्या कडेतून बाहेर गेली. आणखी पाणी घालून पाहिलं, तरी बाहेर. बोळ्याचं तर विचारूच नका. आमच्या टेबलावर कुठल्याच माणसाच्या रक्ताला, कुठल्याच पाण्याला तशी टेकडी मी पाहिली नव्हती. कल्हईत कथील नावालाच होतं. तो बराचसा शिशाचा मुलामा होता, आणि रोज ताकाने, चिंचेने, टमाट्याने तो थोडा थोडा सुटून आमच्या ताटात येत होता.

मी तिथूनच भावाला फोन केला. "घरी फोन कर. पितळेच्या भांड्यातलं कोणी काही खायचं नाही. आत्ता कर."

"क्यों, क्या हुआ?"

"आत्ता कर म्हटलं ना."

संध्याकाळी बड्या लॅबचे रिपोर्ट आले. आमच्या डबीचा क्रम बरोबर होता. सगळ्यात जास्त भावजयीचं, मग आई, मग बाबा, मग मी, सगळ्यात कमी भाऊ.

घरी सांगायचं माझ्यावर आलं. बाबा आणि भाऊ ऐकत राहिले. भावजयीने दोन्ही हात पोटावर ठेवले आणि ते काढलेच नाहीत. आईला पहिल्यांदा समजलंच नाही. "कल्हई तर चांगली असते ना? माही आई करत होती, माही आजी करत होती." मी समजावून सांगितलं की कथलात स्वस्त धातू मिसळला आहे, तो पोटात जातो, रक्तात जातो.

"म्हणजे म्या जे रांधलं त्यातूनच?"

"तुले काय माहीत होतं आई," मी म्हटलं.

"म्याच वाढलं ना पण. पी, पी म्हणून म्याच वाढलं."

भावजय उठून तिच्यापाशी गेली आणि म्हणाली, "माँ, आप मत रोइए." आईने तिला जवळ घेतलं नाही. ती हात मागे बांधून उभी राहिली, जणू हातांना काही लागलेलं आहे. त्यानंतर कितीतरी दिवस तिने स्वयंपाक केला नाही. मी किंवा भाऊ करायचो. ती दारातून बघायची, आत यायची नाही.

मी आणि भाऊ त्या कल्हईवाल्याला शोधायला गेलो. भाऊ तावातावात होता, म्हणाला पोलिसातच देतो. मालधक्क्याच्या भिंतीला लागून पत्र्याच्या खोल्या आहेत, त्यातली एक त्याची. दारापुढे जमिनीतली भट्टी पेटलेली होती. भट्टीवर मात्र तो नव्हता, त्याची बायको होती. सांडशीत पातेलं धरून ती आत नवसागर टाकून कापसाने घासत होती, पांढरा धूर तिच्या तोंडावर येत होता. नवरा खाटेवर बसला होता. त्याने आम्हाला नमस्कार करायला हात उचलले, तर उजव्या हाताचा पंजा मनगटापासून खाली लोंबत राहिला. डाव्या हाताने त्याने तो धरून सरळ केला आणि नमस्कार पुरा केला.

भावाने पोलिसांना लावायला हातात धरलेला फोन खिशात टाकला.

"हाथ में क्या हुआ भैया?" मी विचारलं.

"बाय है दीदी. जान नहीं रहती. मालिश चल रही है."

बाय म्हणजे वात. पण पुस्तकात मी हे वाचलं होतं. शिसं फार झालं की मनगट असं पडतं. चित्रही पाहिलं होतं. समोर बघताना ते वेगळंच होतं. मी त्याला विचारलं की कल्हईचा रांगा कुठून आणतो. इकडे कथलाला रांगा म्हणतात. त्याने कोपऱ्यातला डबा दाखवला. अस्सल रांगा आता परवडत नाही, तो म्हणाला, म्हणून भंगारवाल्याकडून मिळतं ते वितळवतो. त्या डब्यात जुन्या बॅटऱ्यांचे तुकडे होते, तारांचे डाख होते. "चमक तो उससे भी अच्छी आती है," तो म्हणाला. तो लपवत नव्हता. त्याला त्यात लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं.

डबी माझ्या पिशवीत होती. मी सांगितलं की काय बघायचं आहे आणि कशासाठी, आणि त्याने तो पडलेला हात पुढे केला. रेघ वर गेली ती पडद्याबाहेरच गेली. आमच्या कढीसारखी.

मग बायकोने भट्टीवरून उठून हात पुसले. "हमारा भी देख लो," ती म्हणाली. मी बघितलं. टेकडी उंच होती. तिच्यापुढे मला पट्टी खराब आहे असं म्हणता आलं नाही.

निघताना माझं लक्ष दाराच्या दुसऱ्या बाजूला गेलं. भिंतीशी पितळेच्या भांड्यांची उतरंड लावलेली होती. लग्नसराईची. काहींना नव्याने कल्हई झाली होती आणि ती उन्हात लखलखत होती. काहींच्या कानांना चिंध्या बांधल्या होत्या, कोणाचं कुठलं ते ओळखायला. सगळ्या आमच्या भागातल्या घरांची.

दुसऱ्या दिवशी मी त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. त्याला भरती करून घेतलं, शिसं बाहेर काढायचं औषध सुरू केलं. आम्ही आरोग्य विभागाला कळवलं. दोन माणसं आली, डब्यातलं आणि भट्टीतलं घेऊन गेली. मी आणि भाऊ त्या चिंध्यांवरून एकेक घर शोधत फिरलो. कोणी ऐकून घेतलं. कोणी म्हणालं, "हमको तो कुछ नहीं हुआ." आणि काही बायांनी ऐकल्या ऐकल्या भांडी उचलून भंगारात विकली. भंगारवाल्याच्या हातगाडीवर ती भांडी दिसली तेव्हा मला कळलं, की ती कुठेतरी पुन्हा विकली जातील आणि पुन्हा कोणीतरी त्यात कढी करेल. तो कल्हईवाला दवाखान्यातून सुटला आणि आठवडाभरात खोलीला कुलूप लागलं. कोणी म्हणालं गावाकडे गेले. गाव कुठलं, कोणाला ठाऊक नव्हतं. भट्टीचा भाता ते बरोबर घेऊन गेले होते.

आमच्या भांड्यांचं काय करायचं, यावर घरात बोलणं झालं. बाबा म्हणाले विकून टाक, डोळ्यापुढे नको.

आई बऱ्याच दिवसांनी मोठ्याने बोलली. "विकाची नाई. दुसऱ्याच्या घरी जाईन ते."

"मग ठेवतं का?"

"ठेवाचीही नाई." ती भावाकडे वळली. "तुह्याजवळ ते मशीन आहे ना, भोकं पाडाचं? घेऊन ये."

भावाने मिलमधून ड्रिल आणलं. आईने स्वतः सगळी भांडी अंगणात काढली, पालथी घातली आणि प्रत्येकाच्या बुडाला बोटाने जागा दाखवली. "इथं. आन इथं." ड्रिलचा आवाज कानठळ्या बसवणारा होता, पितळेचे पिवळे कीस उडत होते. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. परातीपाशी भाऊ थांबला. तिच्यावर आईचं नाव मधोमध होतं, नक्षीच्या गोलात. तो म्हणाला, "आई, यह रहने दें? इसमें तो बस आटा गूँथते थे."

आईने परात त्याच्यापुढे सरकवली. तिच्या नावाच्या बाजूला त्याने चार भोकं पाडली. मग तिने सगळे कीस ओल्या कापडाने टिपून घेतले, कापडाची पुरचुंडी मला दिली आणि म्हणाली, "हे तुह्या ऑफिसात ने. तिथं जसं फेकतात तसं फेक." ती भोकाची भांडी आम्ही संस्थेतल्याच घातक कचऱ्याच्या खोलीत जमा केली.

भावजयीचे पुढचे महिने डॉक्टरीणबाईंच्या देखरेखीत गेले. लोह, कॅल्शियम, दर काही आठवड्यांनी रक्त. आकडा उतरत होता, पण हळू. बाईंनी मला कागदावर काढून दाखवलं, की शिसं रक्तात थोडा वेळच राहतं, मग हाडांत जाऊन बसतं, आणि बाळाची हाडं घडताना आईच्या हाडांतलं कॅल्शियम निघतं त्याच्याबरोबर तेही निघतं. "इसलिए जो पहले खाया है, वह भी अभी आ सकता है," त्या म्हणाल्या. हे मी भावजयीला सांगितलं नाही. नंतर कळलं की तिने फोनवर सगळं वाचलेलं होतं आणि तीही मला सांगत नव्हती.

बाबांच्या कळा थांबल्या. ते पुन्हा चौकात गप्पा मारायला जाऊ लागले. माझं डोकं दुखायचं थांबलं. आईच्या हिरड्यांवरची रेघही शिशाचीच होती; ती फिकी झाली, अगदी गेली नाही.

बाळ वेळेआधी थोडं आलं. वजनाने कमी, पण आल्या आल्या रडलं. मुलगा. नाळेतलं रक्त तपासायला पाठवलं. त्यात आकडा होता. त्याच्या आईपेक्षा कमी, पण होता. डॉक्टर म्हणाले अंगावर पाजा, रक्त बघत राहू, वाढ, ऐकणं, बोलणं बघत राहू. किती बघायचं, कधीपर्यंत बघायचं, हे विचारलं तर म्हणाले, शाळेत जाईपर्यंत तरी.

आमच्या पट्ट्यांचं काम पुढे सरकलं. शिबिरं झाली, आणखी शिबिरं ठरली. सर कुठेही बोलायला उभे राहिले की घरातल्या भांड्यांबद्दल सांगतात, कोणाचं घर ते सांगत नाहीत. मी आता भावाच्या मुलाच्या बोटाला सुई लावत नाही. त्याचं रक्त दवाखान्यातच देतो. डबी मी घरी आणत नाही, आणि कोणी आण म्हणतही नाही.

तो आता दीड वर्षाचा आहे. धावतो, हसतो, भूक चांगली आहे. आवाज खूप काढतो, शब्द अजून थोडे आहेत. काकू म्हणतात मुलगे उशिराच बोलतात. भाऊ म्हणतो तोही उशिराच बोलला होता. आई त्याला स्टीलच्या वाटीत वरण-भात कालवून भरवते, आणि भरवण्याआधी वाटी उजेडात धरून आतून बघते.

परवा तो अंगणात पाठमोरा बसून गाडीशी खेळत होता. भावजय दाराच्या आड उभी होती. तिने त्याला हळू आवाजात, नाव घेऊन हाक मारली. तो वळला नाही. तिने पुन्हा हाक मारली, थोडी मोठ्याने. मी मागे उभी आहे हे तिला दिसलं, आणि ती म्हणाली, "खेल में लगा है ना, दीदी. इसलिए." मी म्हटलं, हो, खेळात आहे. आम्ही दोघी तिथेच उभ्या राहिलो, त्याच्या पाठीकडे बघत, आणि तिने तिसऱ्यांदा हाक मारायला तोंड उघडलं.